घराला रंग देण्यापूर्वी

चतुर्थीला पंधरवडा उरलेला असतो. पावसाने थोडी उघडीप दिलेली असते, पातोळ्यांसाठी लावलेल्या हळदीची पाने कुंपणाशी तरारलेली असतात, आणि अशा एखाद्या सकाळी घरातील कोणीतरी अंगणात उभे राहून भिंतीकडे पाहते व म्हणते, "यंदा देव येण्यापूर्वी बाहेरून रंग काढून घेऊ या." आपल्या गोमंतकात हे वाक्य ज्या घरात उच्चारले जात नाही, असे घर विरळाच. त्यामागील भाव चांगलाच आहे. वर्षातून एकदा देव घरी यायचा आणि त्याचे स्वागत काळ्याठिक्कर पडलेल्या भिंतींनी करायचे, हे कोणालाही रुचणार नाही. परंतु विद्यार्थीमित्रहो, ज्या भिंतीने जूनपासून सतत पाऊस प्यायला आहे, तिला भाद्रपदात रंग चढवणे म्हणजे न्हाऊन आलेल्या मुलाचे अंग न पुसताच त्याला सणाचे कपडे घालण्यासारखे आहे. कपडे काही वेळ नवे दिसतात, मग आतली ओल बाहेर येते.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. 2016 साली माझे वडील सेवानिवृत्त झाले आणि हाती आलेल्या रकमेतील मोठा भाग त्यांनी घराच्या रंगावर खर्च केला. घर चिऱ्याचे, आजोबांच्या वेळचे, भिंती हातभर रुंद. त्यांवरील जुना चुन्याचा गिलावा पूर्वीच काही ठिकाणी काढून तेथे सिमेंटचा केलेला होता. रंगारी आला तो श्रावणाच्या अखेरीस. त्याने उत्तरेकडची काळी भिंत कोरड्या ब्रशाने वरवर झाडली, तीवर डब्यातला चकचकीत प्लॅस्टिकचा रंग दोन वेळा फासला आणि हा रंग सात वर्षे हलणार नाही, असे वचन देऊन तो गेला. पहिले वर्ष घर खरोखरच सुंदर दिसले. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर पुरीसारखे फुगे आले. माझ्या धाकट्या पुतण्याने काडीने एक फुगा फोडला, तेव्हा त्यातून पाणी ओघळले. तिसऱ्या वर्षी रंगाचे पोपडे हाताने ओढून काढता येऊ लागले, त्यांच्या पाठीवर ती जुनी काळी बुरशी जशीच्या तशी चिकटलेली होती, आणि जोत्यापासून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटच्या गिलाव्याच्या खपल्या पडून आतला चिरा चूर्ण होऊन गळू लागला. ज्या खोलीच्या बाहेर ती भिंत होती, त्या खोलीत आजी निजत असे. तिचा खोकला त्या पावसाळ्यात थांबला नाही. घर पाहायला आलेल्या एका आप्ताने तर सरळच सांगितले, "भिंत कुजली. आता पाडा आणि नवे बांधा."

वडिलांना ते वाक्य लागले. पाडायचे की ठेवायचे, यावर आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला. शेवटी शेजारच्या गावातील एका वृद्ध गवंड्याला बोलावले. त्यांनी काही वेळ भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिले, खाली पडलेला एक पोपडा उचलला, तो वाकवून पाहिला आणि आमच्या कोंकणीत म्हणाले, "मास्तर, वणटीकय उस्वास घेवपाक जाय." भिंतीलाही श्वास घ्यावा लागतो. मला ते काव्य वाटले. पुढे थोडा अभ्यास केला तेव्हा कळले की ते काव्य नसून शुद्ध पदार्थविज्ञान आहे.

प्रथम त्या काळोखीचाच विचार करू. भिंतीवर जे काळे दिसते, त्याला आपण सरसकट 'बुरशी' किंवा 'शेवाळ' म्हणतो. प्रत्यक्षात तेथे अनेक जीवांची वस्ती असते. पावसाळ्यात हिरवी दिसते ती शैवालांची, आणि त्यांच्याबरोबर नीलहरित शैवाल म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्मजीवही असतात. हे फार चिवट. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्या आवरणात काळपट रंगद्रव्य असते. पाऊस संपून ती वाळली की भिंत काळी पडते, आणि महिनोन्‌महिने मेल्यासारखी निपचित राहून पहिल्या सरीबरोबर ती पुन्हा जागी होतात. खरी बुरशी निराळी. ती वनस्पतींप्रमाणे स्वतःचे अन्न करीत नाही. भिंतीवरील धूळ, परागकण, सडलेल्या पानांचा अंश, जुन्या रंगातील तेल किंवा खळ हे तिचे अन्न. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, तेव्हा ते घरात येऊच नयेत असा उपाय नाही. या साऱ्यांना एक गोष्ट मात्र समान लागते, ती म्हणजे पाणी. आपल्या किनारपट्टीवर चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. मग आंब्या-फणसाच्या सावलीतली, उन्हाचे तोंड न पाहणारी भिंत त्यांनी आपली मानली, तर नवल ते काय?

म्हणून पहिला प्रश्न रंगाचा नसून पाण्याचा आहे. भिंतीवरील डागांची जागा नीट पाहिली तर पाणी कोठून येते ते डागच सांगतात. वरून खाली उतरणारी काळी पट्टी असेल, तर वरचे कौल फुटलेले असते किंवा पन्हळ गळत असते. जोत्यालगत हातभर उंचीचा पट्टा असेल, तर पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडत असते. ओल जमिनीतूनच वर चढत असेल, तर तिच्या वरच्या काठावर बहुधा पांढरा लोणा फुललेला दिसतो. हे केशाकर्षण होय. दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसेच चिऱ्यांच्या बारीक रंध्रांतून पाणी चढते, वाटेत विरघळलेले क्षार बरोबर आणते आणि पृष्ठभागावर वाळताना ते मागे ठेवून जाते. लोणा म्हणजे बुरशी नव्हे. तो जिभेवर ठेवला तर खारट लागतो, असे गवंडी सांगतात. आपण ती परीक्षा न केलेलीच बरी, कारण त्याच भिंतीवर आणखी काय काय असेल ते सांगवत नाही.

आमच्या घरी शोध घेतला तेव्हा उत्तरेच्या भिंतीचे गुपित अगदीच क्षुद्र निघाले. वळचणीचे एक कौल सरकलेले, भिंतीला टेकून लाकडांची रास रचलेली, आणि न्हाणीघराचे पाणी ज्या केळीच्या आळ्यात सोडले होते, ते आळे जोत्यापासून दीड हातावर. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतला एक पैसाही न खर्चता हे तिन्ही दोष दूर करता आले असते. आमच्या पूर्वजांनी रुंद वळचणी काढल्या, पावसाळ्याच्या तोंडावर ते उघड्या भिंतींना चुडतांची विणलेली झापे बांधीत. दिसायला ते ओबडधोबड वाटे. परंतु भिंत भिजल्यावर तिच्यावर उपचार करण्यापेक्षा ती भिजूच न देणे स्वस्त पडते, हे त्यांना ठाऊक होते.

पाण्याची वाट बंद केल्यावर भिंत धुवायची. त्याआधी काळा डाग जिवंत वस्तूचा की नुसत्या धुळीचा व धुराचा, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. कपडे पांढरे करण्याचे जे द्रावण बाजारात मिळते, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्याचा एक थेंब डागावर टाकावा. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिकट झाला, तर तेथे बुरशी किंवा शैवाल आहे. तसाच काळा राहिला, तर ती धूळ, आणि साबणाच्या पाण्याने तिचा निकाल लागेल. दहावीच्या काही विद्यार्थ्यांसमवेत शाळेच्या आवारभिंतीवर मी हा प्रयोग केला. मोठ्या रस्त्याकडील काळेपणा ढिम्म हलला नाही, तर विहिरीकडील भिंतीवर पांढरे ठिपके उमटले. दुरून पाहता दोन्ही बाजू सारख्याच काळ्या होत्या.

धुण्याच्या कामात धसमुसळेपणा नको. कोरडी बुरशी खरवडली की तिचे असंख्य बीजाणू हवेत उडतात व श्वासावाटे छातीत जातात. दम्याचा विकार असलेल्याने तर या कामाच्या आसपासही फिरकू नये. म्हणून भिंत आधी पाण्याने भिजवावी, मगच काथ्याच्या ब्रशाने घासावी. तारेचा ब्रश चिऱ्याला आणि चुन्याला ओरखडतो. मोटारी धुण्याचे जोरदार फवाऱ्याचे यंत्र तर जुन्या भिंतीवर चालवूच नये, ते शेवाळाबरोबर भिंतही धुऊन नेते. घासून झाल्यावर वर सांगितलेल्या द्रावणाचा एक भाग व पाण्याचे तीन भाग असे मिश्रण लावावे. ते मिळत नसेल, तर आपण विहिरीत टाकतो ती विरंजक पूड, अर्थात ब्लीचिंग पावडर, लिटरभर पाण्यात सुमारे 30 ग्रॅम या प्रमाणात कालवावी, गाळ बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणी वापरावे. मिश्रण खालून वर लावीत जावे, नाहीतर ओघळांचे पट्टे उमटतात. पंधरा-वीस मिनिटे ते वाळू न देता भिंतीवर राहू द्यावे आणि मग भरपूर पाण्याने वरून खाली धुऊन काढावे. हे काम सावलीच्या वेळी करावे, उन्हात द्रावण आपले काम करण्यापूर्वीच सुकून जाते. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगावर जुने कपडे असावेत. तुळशीवृंदावन ओल्या गोणपाटाने झाकावे, आणि धुतलेले पाणी विहिरीकडे वळणार नाही याची काळजी घ्यावी.

एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. या द्रावणात शौचकूप धुण्याचे ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले कोणतेही औषध कधीही मिसळू नये. ॲसिड पडले तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला तर तितकाच घातक दुसरा वायू निर्माण होतो. 'दोन औषधे एकत्र केली तर दुप्पट गुण' हा हिशोब येथे जिवावर बेततो. काहीजण आवारभिंत नुसत्या ॲसिडनेच धुतात. भिंत क्षणात उजळते खरी, परंतु प्रयोगशाळेत खडूवर आम्ल टाकले की कसे फसफसते ते तुम्ही पाहिले आहे. चुन्याचा गिलावा हा रसायनदृष्ट्या खडूचाच भाऊ. जे फसफसते ती तुमची भिंत असते.

आता वाळण्याविषयी. सर्वांत अधिक घाई येथेच होते. हातभर रुंद चिऱ्याची भिंत वरून कोरडी लागली म्हणजे आतून कोरडी झाली असे नव्हे. दीड फूट लांब-रुंद असा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, चारही कडांना चिकटपट्टी लावून तो भिंतीवर घट्ट बसवावा आणि रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूस दवासारखे थेंब दिसले, तर भिंत अजून पाणी सोडीत आहे. आमच्या भिंतीने नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज थेंब दाखवले. वडील रोज सकाळी चहाचा पेला हाती घेऊन तो कागद पाहायला जात आणि परत येऊन नुसती मान हलवीत. आजी विचारी, "आज रडली काय?"

भिंत वाळली, म्हणजे मग लेपाची निवड. येथे आमच्या त्या गवंड्यांच्या वाक्याकडे परत जावे लागते. चिरा, ज्याला आपण जांभा दगड असेही म्हणतो, तो खाणीतून मऊ निघतो आणि हवेवर कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारात लोक हा दगड विटेप्रमाणे कापताना पाहिले आणि 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. हा दगड सच्छिद्र असतो. तो पाणी पितो, पण वाट मोकळी असेल तर ते बाहेरही टाकतो. त्याच्यावर असा लेप हवा, जो पावसाचा मारा स्वतःवर झेलील, पण आतून येणाऱ्या वाफेला अडवणार नाही. चुन्याचा लेप असा असतो. प्लॅस्टिकच्या रंगाचा जाड थर असा नसतो. तो बाहेरचे पाणी अडवतो हे खरे, परंतु एखाद्या भेगेतून किंवा जोत्यातून आत शिरलेले पाणीही तो तितक्याच निष्ठेने अडकवून ठेवतो. मग ते पाणी रंगाला मागून ढकलते, फुगा येतो, आणि पोपडा सुटतो. सिमेंटचा गिलावाही फार कठीण. चिऱ्याच्या मानाने तो ताठर असल्यामुळे त्याला बारीक भेगा जातात, पाणी त्या भेगांतून आत जाते आणि परत येण्याची वाट त्याला सापडत नाही.

लेप काढून टाकला तर काय होते, याचे उदाहरण जुन्या गोव्यात आहे. शाळेच्या सहलीत तुम्ही बॉं जेझूसची बासिलिका पाहिली असेल. तिचे बांधकाम 1594 साली सुरू झाले. आज ती तांबड्या चिऱ्याची, उघड्या अंगाची दिसते आणि 'किती प्राचीन' म्हणून आपण तिचे कौतुक करतो. परंतु ती बांधली तेव्हा अशी नव्हती. चिऱ्यावर चुन्याचा गिलावा होता. तो 1950 च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत, जीर्णोद्धाराच्या नावाखाली काढून टाकण्यात आला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्याने त्या उघड्या दगडावर थेट मारा केला. दगडाची झीज होत आहे, त्यावर पुन्हा गिलावा चढवावा, अशी मागणी बासिलिकेच्या रेक्टरांनीच अलीकडे जाहीरपणे केली, तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटले, कारण ते तांबडे रूप हेच तिचे खरे रूप असा लोकांचा समज झालेला होता. रस्त्याच्या पलीकडे से कॅथेड्रल उभे आहे, पांढऱ्या गिलाव्यात. पुढच्या वेळी दोन्ही वास्तूंच्या भिंतींजवळ उभे राहून त्यांचा पृष्ठभाग निरखून पाहा. शृंगार आणि संरक्षण यांतील भेद तेथे डोळ्यांनी वाचता येतो.

चुन्याची गंमत अशी की त्याचे रसायन तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. किनाऱ्यावरील शिंपल्या किंवा चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअस उष्णतेत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्याच्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुटतो, आणि विरलेला चुना तयार होतो. हे करताना मुलांना दूर ठेवावे, चुन्याचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो. तो दुधासारखा पातळ करून भिंतीवर लावला, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून तो पुन्हा मूळचा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच एक प्रकारचा दगड होतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती पांढरी होते, हा प्रयोग तुम्ही सर्वांनी केला आहे. तीच क्रिया येथे मोठ्या प्रमाणावर चालते. फरक इतकाच की भिंतीसाठी फुंकर वारा घालतो. ताज्या चुन्याचे सामू मूल्य 12 च्या वर असते, आणि इतक्या अल्कधर्मी पृष्ठभागावर बुरशीचा निभाव लागत नाही. मात्र चुन्याचे दगडात रूपांतर होत जाते, तसा त्याचा हा गुण ओसरतो व शेवाळ पुन्हा हातपाय पसरते. चुना दरवर्षी द्यावा लागतो याचे हेही एक कारण आहे. पोर्तुगीज अमदानीत पावसाळ्यानंतर घराला रंग देण्याची सक्ती होती, असे वडीलधारी मंडळी सांगतात. सक्तीचे काय असेल ते असो, पावसाळ्यानंतरचा मुहूर्त मात्र बिनचूक होता.

कुळागरे असलेल्या घरांतील मुलांना आणखी एक चुन्याचे काम माहीत असेल. पोफळीवरील कोळेरोगासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 100 लिटर पाणी यांचे जे निळे मिश्रण फवारतात, ते बोर्डो मिश्रण. कोळेरोगाचा जंतू बुरशीसारखाच असतो, आणि त्याच्याशी झुंजणारा यातला मुख्य मल्ल म्हणजे मोरचुदातील तांबे. भिंतीसाठी मात्र मी ते सुचवणार नाही. निळे डाग पडतात, आणि तांबे ओहळात उतरले तर माशांना बाधते.

चुना देण्याचे कौशल्य संयमात आहे. भिंत किंचित ओलसर करावी, लेप अगदी पातळ ठेवावा, आणि प्रत्येक थर सुकल्यावर पुढचा, असे निदान तीन थर द्यावे. 'एकाच हातात पांढरेशुभ्र' करण्याच्या हव्यासाने दाट चुना फासला, तर तो पुढे खडूसारखा कपड्यांना लागतो. रणरणत्या उन्हात काम करू नये, कारण पाणी उडाले की चुन्याची दगड होण्याची क्रिया अर्धवट राहते. रंगछटा हवी असेल तर काव, पिवळी माती यांसारखी खनिज द्रव्ये चुन्यात टिकतात. आपल्या जुन्या देवळांवरील कावी कलेत पांढऱ्या चुन्यावर उमटलेली तांबडी वेलबुट्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती याचमुळे. इतर अनेक कृत्रिम रंग चुन्याच्या तीव्रतेत उडून जातात.

एवढे चुन्याचे गुणगान केले म्हणून सर्वांनीच डबे फेकून चुन्याच्या भट्टीकडे धाव घ्यावी, असा माझा आग्रह नाही. ज्यांची घरे काँक्रीटच्या खांबांची आणि सिमेंटच्या गिलाव्याची आहेत, त्यांना बाहेरच्या कामाचा चांगला ॲक्रिलिक रंग योग्य ठरतो, मात्र भेगा बुजवलेल्या, भिंत सुकलेली आणि अस्तराचा थर दिलेला हवा. नव्या गिलाव्याला निदान चार आठवडे तरी मुरू द्यावे. डब्यावर 'बुरशीरोधक' असे छापलेले असते. त्याचा अर्थ इतकाच की त्या रंगाच्या थरावर काही काळ बुरशी धरणार नाही. खाली असलेल्या जिवंत बुरशीचा तो नायनाट करीत नाही, आणि त्यातील औषधही पावसाने हळूहळू धुतले जाते. सिमेंटचा रंग स्वस्त असतो, पण तो लावण्यापूर्वी भिंत भिजवावी लागते आणि लावल्यावरही तिच्यावर पाणी शिंपडावे लागते, हे रंगारी सोयीस्करपणे विसरतात. तैलरंग दारे-खिडक्यांसाठी ठीक, दगडी भिंतीला नको, त्यातील तेल तर बुरशीचे आवडते अन्न. जर्मनीतील म्यूनिक येथे ॲडॉल्फ विल्हेल्म काइम याने 1878 साली पेटंट घेतलेले सिलिकेटचे रंग दगडाशी एकजीव होतात आणि वाफही जाऊ देतात. पण ते महाग, आणि लावणारे कुशल हात मिळणे कठीण.

एक अडचण मात्र आधीच लक्षात घ्यावी. सुटणाऱ्या चुन्यावर प्लॅस्टिकचा रंग धरत नाही, आणि प्लॅस्टिकच्या रंगावर चुना तर मुळीच धरत नाही. एकदा चिऱ्याच्या भिंतीवर प्लॅस्टिक चढवले की परतीची वाट फार कष्टाची. आम्ही ती चाललो. उरलेला रंग खरवडून काढायलाच दोन माणसांना नऊ दिवस लागले. जोत्याजवळचा सिमेंटचा गिलावा उतरवून तेथे चुना आणि वाळूचा केला, चूर्ण झालेले चार चिरे बदलले. बाकीची भिंत ठणठणीत निघाली. कुजले होते ते तिचे वस्त्र.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी प्लॅस्टिकचा कागद कोरडा मिळाला. वडिलांनी आजीला हाताला धरून बाहेर आणले आणि तिला तो दाखवला. त्या दिवशी दुपारी पहिला थर दिला गेला, फिकट पिवळ्या मातीचा. पुढच्या चतुर्थीला भिंत थोडी काळवंडली होती हे कबूल केले पाहिजे, विशेषतः पूर्वी जेथे न्हाणीचे पाणी जात असे तेथे हिरवट झाक होतीच. पण फुगा नव्हता, ओल आत आली नव्हती, आणि आजी त्याच खोलीत निजत होती. आता दर मार्गशीर्षात वडील स्वतः चुना भिजत घालतात, आणि मी व पुतण्या कुंचला धरतो. पुतण्याला कुंचला धरता येतो, परंतु थर पातळ ठेवण्याचा धीर त्याला अजून यायचा आहे.